शितावरून भाताची परीक्षा. पण शिते किती घ्यावीत?
लाखो नोंदींची गटवारी मोजक्या नमुन्यातून करताना व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

व्यापारात माल ओळखण्याइतकेच गिऱ्हाईक ओळखणे महत्त्वाचे असते. जुन्या पेढीवरचा दुकानदार हे काम मनातल्या मनात करीत असे. हा रोखीचा, हा उधारीचा. हा पगार झाला की महिन्याचा किराणा भरणारा, हा रोजच्या मजुरीतून रोजचा जिन्नस नेणारा. हा फक्त सणासुदीला दिसणारा. शे-दोनशे गिऱ्हाइकांपर्यंत ही नजर पुरते. पण दुकानांची साखळी, सहकारी बँक किंवा मोबाईलवरून पैसे पाठविण्याची सोय देणारी कंपनी यांच्याकडे नोंदी लाखांनी आणि कोटींनी साठतात. तेथे कोणाही मुनिमाची नजर पुरणार नाही. म्हणून हे काम संगणकाकडे सोपविले जाते. त्याला इंग्रजीत क्लस्टरिंग म्हणतात. आपण त्याला गटवारी म्हणू.

गटवारीचे तत्त्व सोपे आहे. ज्या नोंदी एकमेकींसारख्या आहेत त्या एका गटात, ज्या वेगळ्या आहेत त्या दुसऱ्या गटात. गट कोणते हे आधी कोणी सांगत नाही. नोंदींमधूनच ते शोधायचे असतात. खरेदीची रक्कम, फेऱ्यांची संख्या, उधारी फेडण्यास लागलेले दिवस, असे आकडे घेऊन दोन गिऱ्हाइकांमधील ‘अंतर’ मोजले जाते आणि जवळची माणसे एकत्र बांधली जातात. कोणाला किती उधार द्यावे, कोणत्या भागात कोणता माल पाठवावा, कोणाचा कर्जाचा अर्ज अधिक बारकाईने तपासावा, हे निर्णय पुढे या गटांवरून होतात. म्हणूनच गट चुकले तर नुकसान कागदावर राहत नाही, ते माणसांच्या पदरी पडते.

सगळ्यांना सगळ्यांशी ताडून पाहू म्हटले तर

पहिला प्रश्न वेळेचा आहे. प्रत्येक नोंदीची दुसऱ्या प्रत्येक नोंदीशी तुलना करायची असेल तर एक हजार नोंदींसाठी सुमारे ५ लाख तुलना कराव्या लागतात. संगणकाला हे किरकोळ काम आहे. नोंदी १० लाख झाल्या की तुलना ५०,००० कोटी होतात. संगणक एका सेकंदात एक कोटी तुलना करतो असे धरले तरी चौदा तास लागतील. नोंदी एक कोटी असतील तर हाच हिशेब ५० लाख सेकंदांवर, म्हणजे जवळजवळ ५८ दिवसांवर जातो. माल दहा पट वाढला तर काम शंभर पट वाढते, ही येथील खरी अडचण आहे. नुसता मोठा संगणक घेऊन ती सुटत नाही.

यावरचा तोडगा धान्याच्या बाजारात कित्येक पिढ्या चालत आला आहे. व्यापारी ट्रकमधले प्रत्येक पोते ओतून पाहत नाही. पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून मूठभर दाणे काढतो, हातावर घेऊन पाहतो आणि भाव बोलतो. ही झाली वानगी. गटवारीतही हेच करतात. सगळ्या नोंदींतून सोडत काढल्याप्रमाणे काही हजार नोंदी निवडायच्या. त्यांचीच बारकाईने गटवारी करायची. प्रत्येक गटाचे प्रतिनिधी ठरवायचे. मग पूर्ण साठ्यावरून एकदाच फिरून प्रत्येक नोंद कोणत्या प्रतिनिधीच्या सर्वांत जवळ आहे ते पाहून तिला त्या गटात टाकायचे. दहा गट असतील आणि प्रत्येकाचा एकच प्रतिनिधी असेल तर एक कोटी नोंदींसाठी या शेवटच्या फेरीत दहा कोटी तुलना लागतात. वरच्याच वेगाने हे दहा सेकंदांचे काम आहे. कुठे ५८ दिवस आणि कुठे दहा सेकंद!

आपल्या देशातील धडा

नमुन्यावर भरवसा ठेवावा की नाही, हा वाद भारतात फार पूर्वी गाजला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९३७ पासून त्यांनी बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज नमुना-पाहणीने काढण्याचे प्रयोग सुरू केले. प्रत्येक शेत मोजण्याऐवजी निवडक तुकडे मोजायचे, ही कल्पना त्या वेळी अनेकांना पटत नव्हती. थोडे मोजून सगळ्याचा हिशेब कसा लागेल, असा आक्षेप होता. पण थोडी माणसे नीट शिकवून थोडे काम चोख करून घेतले, तर हजारो माणसांनी घाईघाईत केलेल्या पूर्ण मोजणीपेक्षा ते अधिक भरवशाचे ठरू शकते, हे त्या कामातून दिसून आले. पुढे १९५० साली देशात राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली ती याच पायावर.

याच महालनोबिसांचे नाव गटवारीशीही जोडलेले आहे. त्यांनी १९३६ साली मांडलेले ‘महालनोबिस अंतर’ आज जगभर वापरले जाते. त्याची गरज कोणाही दुकानदाराला समजेल. एका गिऱ्हाइकाची वर्षाची खरेदी ८०,००० रुपये आहे आणि फेऱ्या ४०. दुसऱ्याची खरेदी ८१,००० रुपये आहे आणि फेऱ्या २. नुसते आकडे वजा केले तर रुपयांतील हजाराचा फरक मोठा दिसतो आणि फेऱ्यांतील ३८ चा फरक झाकला जातो. प्रत्यक्षात हजार रुपये काहीच नाहीत. आठवड्याला येणारा आणि वर्षातून दोनदा येणारा ही मात्र दोन वेगळी माणसे आहेत. म्हणून गटवारीपूर्वी सगळी मापे एका तराजूत आणावी लागतात.

नमुना किती मोठा हवा?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. बहुतेकांचा समज असा असतो की, साठा मोठा तर नमुनाही त्याच प्रमाणात मोठा हवा; लाखाला हजार, तर कोटीला एक लाख. हा समज चुकीचा आहे. घरातल्या पातेल्यातील डाळीत मीठ किती आहे हे एका चमच्याने कळते. लग्नाच्या देगेतील डाळीसाठीही एकच चमचा लागतो. देग मोठी म्हणून पातेलेभर डाळ कोणी चाखत नाही. अट एकच, चाखण्यापूर्वी देग तळापासून नीट ढवळलेली हवी.

पण डाळीच्या ठिकाणी खिचडी असेल आणि तिच्यात क्वचितच कोठे काजू असतील, तर एका चमच्यावरून काजू आहेत की नाहीत हे सांगता येणार नाही. म्हणजे नमुना किती घ्यावा हे देगेच्या आकारावर नव्हे, तर आपल्याला हवी असलेली सर्वांत दुर्मीळ वस्तू किती दुर्मीळ आहे, यावर ठरते. गटवारीत याचा अर्थ असा : जो सर्वांत लहान गट आपल्याला हरवून चालणार नाही, त्याच्या प्रमाणावर नमुन्याचा आकार ठरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मोठ्या सहकारी बँकेचे १० लाख खातेदार आहेत. त्यांत निम्मे पगारदार, ३० टक्के शेतकरी, १९ टक्के दुकानदार आणि उरलेले १ टक्का मालेगाव-भिवंडीकडील दोन-चार यंत्रमाग चालविणारे छोटे कारखानदार आहेत. या कारखानदाराची कमाई सरळ रेषेत चालत नाही. सुताचे भाव चढले की माग थांबतात, कापडाला मागणी आली की दिवसरात्र चालतात. त्याच्या खात्यात काही महिने कोरडे आणि एखादा महिना भरघोस असतो. हप्ता मागेपुढे होतो, पण तो बुडवा नसतो.

आता बँकेने ३०० खात्यांचा नमुना काढला. त्यात सरासरीने अशी तीन खाती येतील. एकही न येण्याची शक्यता शंभरात सुमारे पाच आहे. तीन आली तरी तीन खात्यांचा गट होत नाही. संगणक त्यांना ओढून दुसऱ्या कोणत्या तरी गटात, बहुधा हप्ते चुकविणाऱ्या दुकानदारांच्या गटात बसवील. मग शेवटच्या फेरीत पूर्ण साठ्यातील अशी सगळी खाती त्याच गटात जातील. १० लाखांचा एक टक्का म्हणजे १०,००० खाती. दहा हजार कारखानदारांच्या कपाळी ‘जोखमीचा कर्जदार’ असा शिक्का बसेल आणि तो कोणी मुद्दाम मारलेला नसेल. नमुना अपुरा होता, एवढेच कारण असेल.

हे टाळायचे तर त्या लहान गटातील निदान २० खाती तरी नमुन्यात यावीत, असे ठरवू. आणि हजार वेळा सोडत काढली तर एखाद्या वेळेपेक्षा अधिक चूक होऊ नये, अशी अट घालू. गणितात चेर्नॉफ यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. त्यावरून हिशेब केला तर उत्तर येते सुमारे ४,५०० खाती. खातेदार १० लाखांचे एक कोटी झाले तरी हा आकडा ४,५०० च राहतो. मात्र लहान गट शंभरात एक नसून हजारात एक असेल तर नमुना दहा पट, म्हणजे ४५,००० चा घ्यावा लागतो. कोणत्या गटाला हरवून चालणार नाही हे आधी ठरवायचे आणि मग नमुना काढायचा, हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

संशोधकांनी काय केले

संगणकशास्त्रात या वाटेने जाणाऱ्या पहिल्या ठळक पद्धतींपैकी एक बेल्जियममधील लिओनार्ड कॉफमन आणि पीटर रूसो यांनी मांडली. ‘क्लारा’ या नावाने ती ओळखली जाते आणि १९९० सालच्या त्यांच्या पुस्तकात तिचे सविस्तर वर्णन आहे. त्यांनी नमुन्याचा आकार सुचविला तो असा : ४० अधिक गटांच्या संख्येची दुप्पट. असे पाच नमुने घ्यायचे, प्रत्येकाची गटवारी करायची आणि पूर्ण साठ्याला जी सर्वांत चांगली लागू पडते ती ठेवायची. एका नमुन्यावर न विसंबता पाच घ्यायचे आणि निकाल पूर्ण साठ्यावर तपासायचा, ही त्यातील मोलाची सूचना होय. पण चार गटांसाठी हा नमुना फक्त ४८ नोंदींचा होतो. आपल्या उदाहरणातील एक टक्क्याचा गट अशा एका नमुन्यात अजिबात न येण्याची शक्यता शंभरात सुमारे ६२ आहे. मोठे गट शोधण्यास ही पद्धत पुरेशी असली, तरी लहान गटांसाठी तो आकार अपुरा पडतो.

पुढे १९९८ साली सुदीप्तो गुहा, राजीव रस्तोगी आणि क्यूसोक शिम यांनी ‘क्युअर’ नावाची पद्धत मांडली. तिच्यात दोन सुधारणा होत्या. एक म्हणजे नमुना किती मोठा हवा याचा हिशेब त्यांनी चेर्नॉफच्या नियमावरून, लहान गटाचे प्रमाण धरून मांडला. दुसरी म्हणजे गटाचा एकच प्रतिनिधी न ठेवता गटाच्या सर्व बाजूंना विखुरलेले अनेक प्रतिनिधी ठेवले. गाव गोल असेल तर चावडीपासूनचे अंतर मोजून पुरते. पण नदीकाठी लांबच लांब पसरलेल्या गावाची हद्द एका चावडीवरून कळत नाही, तेथे प्रत्येक वाडीचा माणूस लागतो. त्यांनी एक लाख बिंदूंच्या साठ्यावर प्रयोग केले. नमुना २,००० पर्यंत असताना गट नीट सापडत नव्हते; २,५०० आणि त्यापुढे ते बरोबर सापडू लागले. म्हणजे शंभरातील अडीच नोंदींवर काम झाले. परंतु अडीच टक्के हा काही सर्वत्र लागू पडणारा नियम नव्हे. त्या साठ्यातील गट जसे होते, त्यांना तेवढा नमुना पुरला.

२०१० साली गूगलमधील डी. स्कली यांनी आणखी एक मार्ग मांडला. एकदाच मोठा नमुना काढण्याऐवजी दर पावलाला एक छोटी तुकडी काढायची आणि तिच्यावरून गटांची केंद्रे थोडी थोडी सरकवीत न्यायची. आज फुकट मिळणाऱ्या अनेक संगणक-प्रणालींत ही सोय असते.

ढवळल्याशिवाय चाखू नये

आकार बरोबर असूनही निवड चुकली तर सर्व फुकट जाते. याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १९३६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठविल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यावरून लँडन जिंकणार असे जाहीर झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड मतांनी निवडून आले. नावे मुख्यतः टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून घेतली होती, म्हणजे मंदीच्या काळात त्यातल्या त्यात सुस्थितीतील लोकांची. आणि उत्तर पाठविणारेही एका मताचे अधिक होते. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला.

दुकानाच्या वहीतही हीच चूक सहज होते. संगणकातील पहिल्या पाच हजार नोंदी घेतल्या तर त्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकांच्या असतात. फक्त ईद किंवा दिवाळीच्या महिन्यातील बिले घेतली तर सगळे गाव कपडे खरेदी करणारे दिसेल. दर सातव्या दिवसाची बिले घेतली तर प्रत्येक वेळी आठवडे बाजाराचाच दिवस येईल किंवा एकदाही येणार नाही. म्हणून सोडत खरी हवी. प्रत्येक नोंदीला निवडले जाण्याची सारखीच संधी हवी.

नोंदी सतत येत राहतात, एकूण किती होतील हे ठाऊक नसते, मग सोडत कशी काढायची, असा प्रश्न पडेल. त्यालाही साधी रीत आहे. समजा, १,००० नोंदी हव्या आहेत. पहिल्या १,००० ठेवून घ्याव्यात. नंतर दोन हजारावी नोंद आली की तिला दोन हजारांत एक हजार, म्हणजे निम्मी संधी द्यावी. दहा हजाराव्या नोंदीला दहात एक. जी निवडली जाईल तिच्यासाठी आधीच्या हजारांतील कोणतीही एक चिठ्ठी टाकून काढावी. शेवटी हातात राहणाऱ्या १,००० नोंदींत पहिल्या आणि शेवटच्या नोंदीची संधी सारखीच असते.

आणि लहान गट कोणता हे आधीच ठाऊक असेल तर आणखी सोपा उपाय आहे. प्रत्येक धंद्यातून किंवा प्रत्येक भागातून वेगळी सोडत काढावी. वरील बँकेने चारही धंद्यांतून पाच-पाचशे खाती घेतली तर २,००० खात्यांत यंत्रमागवाले पूर्ण पाचशे येतील. फक्त पुढे एकूण प्रमाण सांगताना प्रत्येकाचे मूळ वजन धरण्यास विसरू नये; नाहीतर एक टक्क्याचे पंचवीस टक्के झालेले दिसतील.

निकाल परखून घ्यावा

गटवारीची एक खोड अशी की, तिला गट मागितले की ती देते. पाच मागा, पाच मिळतील. नोंदींमध्ये खरे गट नसले तरी मिळतील. म्हणून दोन वेगवेगळ्या सोडती काढून दोनदा गटवारी करावी. मग गिऱ्हाइकांच्या जोड्या घेऊन पाहावे : पहिल्या वेळी जे दोघे एकत्र होते ते दुसऱ्या वेळीही एकत्र आहेत काय? बहुतेक जोड्या जुळल्या तर गटांवर भरवसा ठेवण्यास जागा आहे. जोड्या विस्कटत असतील तर नमुना लहान आहे, मापे चुकीची आहेत किंवा गटच नाहीत. विल्यम रँड यांनी १९७१ साली या जुळणीचे मापही ठरवून दिले आहे. आणखी एक गोष्ट, शेवटच्या फेरीत ज्या नोंदी कोणत्याच गटाच्या जवळ बसत नाहीत, त्यांची वेगळी यादी करावी. ती यादी लांबलचक निघाली तर समजावे की एखादा गट नमुन्यातून निसटला आहे.

काही कामांसाठी मात्र नमुना वापरूच नये. खात्यावरील लबाडी शोधायची असेल, खोटे बिल पकडायचे असेल, तर ते लाखात एखादे असते. नमुन्यात ते येणारच नाही. तेथे प्रत्येक नोंदीवरून नजर फिरविणे भाग आहे.

व्यापारी बंधूंनी विचारण्याचे प्रश्न

आज अनेक लहान-मोठ्या पेढ्या आणि पतसंस्था अशी प्रणाली विकत घेतात. विकणारा रंगीत तक्ते दाखवितो आणि गट मोजून देतो. त्याला चार प्रश्न अवश्य विचारावेत. नमुना किती नोंदींचा घेतला? सोडत कशी काढली? शंभरात एक किंवा हजारात एक असलेला आमचा गिऱ्हाईक यात सापडेल काय? दुसरी सोडत काढली तर हेच गट येतील काय? जो या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देईल त्याच्याशी पुढे बोलणी करावीत.

जे कर्ज मागणारे आहेत, त्यांच्यासाठीही यात एक बोध आहे. अर्ज फेटाळला गेला आणि कारण म्हणून नुसते ‘आमच्या वर्गवारीत बसत नाही’ असे उत्तर मिळाले, तर गप्प बसू नये. आपल्या धंद्याचा हंगाम, मालाची आवक-जावक आणि मागील फेडीचा हिशेब लेखी मांडून फेरतपासणी मागावी. एका शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एकसारखा शिजला असेल तेव्हाच. बाजारात एकाच भांड्यात अनेक तऱ्हेचे दाणे असतात आणि थोडे असलेल्या दाण्याचीही किंमत असते.